गाडी तीस मिलीमीटर खाली

आमची गाडी उंच आहे. उंच म्हणूनच घेतली होती, कारण दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीच्या फाटकातला स्पीडब्रेकर कोणीतरी तटबंदी समजून बांधला आहे. त्या वेळी बाबांचा पाय किती वर उचलला जातो, हे मोजायचं काही कारण नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात ते कारण आलं. बाबा दर रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मयूर विहारला त्यांच्या जुन्या ऑफिसातल्या मित्राकडे बुद्धिबळ खेळायला जायचे. एका रविवारी डाव अर्धा राहिला. पुढच्या रविवारी बाबांचा गुडघा सुजला. सूज उतरली, पण पाय पूर्वीइतका उचलेना. मी त्यांना काखेत हात घालून गाडीत चढवायला गेलो, तर म्हणाले, "पोतं आहे का मी? सोड." आणि घरात परत आले. त्यानंतर त्यांनी मयूर विहारचं नावच टाकलं. तिकडे मित्राच्या जेवणाच्या टेबलावर तो अर्धा डाव टॉवेल टाकून झाकून ठेवलेला होता आणि ते कुटुंब सतरंजीवर बसून जेवत होतं.

मी टेप घेऊन मोजमाप केलं. गाडीच्या दाराचा उंबरा जमिनीपासून एकोणचाळीस सेंटिमीटर. बाबांचा उजवा पाय छत्तीसपर्यंत जातो. म्हणजे प्रश्न तीस मिलीमीटरचा होता.

"पायाखाली पाट ठेवू," मी म्हणालो.

"पाटावर मी एकदाच उभा राहिलोय, अंतरपाटामागे," बाबा म्हणाले. "त्याचा परिणाम माझ्यासमोर टेप घेऊन उभा आहे."

दारात स्वतःची गाडी असताना टॅक्सीने जाणं त्यांना मान्य नव्हतं. बाबा वर जात नाहीत तर गाडी खाली आली पाहिजे, इतकं सरळ होतं. हौशी पोरं गाडी खाली आणायला आखूड स्प्रिंग बसवतात, असं कळलं, म्हणून मी करोल बागेत, गाड्यांच्या सामानाच्या बाजारात गेलो.

दुकानदाराने विचारलं, "लड़के की गाड़ी है?"

"नहीं, मेरी है. पिताजी के लिए नीची करनी है."

"पिताजी की उम्र?"

"अठहत्तर."

त्याने आतल्या भागीदाराला हाक मारली. "सुनो जी, अठहत्तर साल के अंकल गाड़ी नीची करवा रहे हैं!" मग मला स्टूल दिलं, चहा मागवला. बाबांचा फोटो आहे का, असंही विचारलं.

तो तीन प्रकारच्या स्प्रिंग मागवून देत असे. वीस मिलीमीटर खाली नेणारी, तीस नेणारी आणि पंचेचाळीस नेणारी. त्याच्या मते पंचेचाळीसच घ्यावी. "सड़क से बिल्कुल चिपक जाएगी. पिताजी का दिल खुश." मी सांगितलं की ही गाडी मी रोज ऑफिसला नेतो आणि शॉकर कंपनीचेच राहणार आहेत, ते बदलायचे नाहीत. तेव्हा त्याचा चेहरा पडला. धक्के झेलणारे हे मूळचे शॉकर मूळच्या उंचीसाठी केलेले असतात. गाडी फार खाली आणली की त्यांना दबायला जागाच उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्यात ते तळाला आपटतात. म्हणजे पंचेचाळीस बाद. वीसने बाबांचा पाय उंबऱ्याला लागणार, तेही बाद. राहिली तीस.

"तीस चल जाएगी," तो म्हणाला. "बस, पीछे तीन भारी सवारी मत बिठाना."

मी मात्र पाहिल्याशिवाय काही घेत नाही. स्प्रिंग गाडी खाली आणते, तशी वजनानेही गाडी खाली बसते. तेव्हा आधी वजनाने तीस मिलीमीटर खाली बसवायची, बाबांना चढून पाहू द्यायचं आणि मगच स्प्रिंग घ्यायची, असं मी ठरवलं.

"एवढं वजन आणणार कुठून?" बायकोने विचारलं.

मी कॅलेंडरकडे पाहिलं. येत्या रविवारी तिचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. त्या पाहण्याचा अर्थ तिला लागला.

"अहो, नाही हं!"

पण आलेल्या बायकांना ही गोष्ट बाबांनीच सांगून टाकली, माझी थट्टा म्हणून. उलट त्या उत्साहाने पार्किंगमध्ये उतरल्या. मागच्या सीटवर मयूर विहारच्या काकू (बाबांच्या मित्राच्याच मजल्यावर राहतात), गुडगावच्या वहिनी आणि आमच्या शेजारीणबाई अशा तिघी बसल्या. हातात वाणाचे डबे, अंगावर शाली.

"प्रत्येकीचं वजन सांगाल का?" मी विचारलं.

बायको माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती ती मी लग्नानंतर दुसऱ्यांदाच पाहिली.

"पन्नास," काकू म्हणाल्या.

मी मागच्या चाकापाशी टेप लावला. "काकू, पन्नासला गाडी एवढी बसत नाही."

"पन्नास म्हणजे शाल न धरता."

"शाल वीस किलोची आहे का?"

"भाऊजी," वहिनी मधूनच म्हणाल्या, "तुम्ही आमच्याकडे जेवायला आलात की आम्ही पोळ्या मोजतो का?"

मागचा भाग भरपूर बसला, पण पुढच्या दाराचा उंबरा जेमतेम अठरा मिलीमीटर उतरला. मग बायकोला चालकाच्या जागी बसवलं आणि बॉनेटवर घोंगडी टाकून पिठाच्या दहा-दहा किलोच्या पिशव्या रचल्या. एका बाईने पिशव्यांना हळदकुंकू लावलं. तेवढ्यात फाटकावरचा गार्ड बूट काढून येऊन उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "साहब, प्रसाद कब मिलेगा?" त्याला तिळगूळ दिला.

शेवटच्या पिशवीला उंबरा बरोबर छत्तीसवर आला. बाबांनी स्वेटर खाली ओढला, दाराची चौकट धरली आणि उजवा पाय उचलला. पाय उंबऱ्यावरून आत गेला. बाबा बसले. मागून तिघींनी टाळ्या वाजवल्या आणि पुढून बायकोने चुकून हॉर्न वाजवला.

"सिद्ध झालं," मी म्हणालो. "आता सगळे उतरा. मी स्प्रिंगची ऑर्डर देतो."

"मी उतरत नाही," बाबा म्हणाले. "बसलोय तर मयूर विहारला चल."

"अहो बाबा, येताना चढणार कसे? तिथे वजन कुठून आणू?"

"काका, त्याची काळजी नको," मागून काकू म्हणाल्या. "मी तिथेच जातेय. आमच्या मजल्यावर दोघी आहेत, माझ्यापेक्षा चांगल्या." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्यांनाही विचारा वजन."

मी पीठ डिकीत टाकलं आणि आम्ही निघालो. संध्याकाळी मयूर विहारच्या आवारात पीठ पुन्हा बॉनेटवर चढलं, चालकाच्या जागी मी आणि मागे काकू आणि त्यांच्या दोघी मैत्रिणी बसल्या. बाबा चढले, तिघी उतरल्या, गाडी वर आली. बाबा घरी येईपर्यंत वजिराच्या एका चुकीबद्दल बोलत होते. चूक मित्राची होती.

आठवड्याने करोल बागेतून फोन आला की मागवलेल्या स्प्रिंग आल्या आहेत, पिताजींना घेऊन या. मी बाबांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"तो मागच्या सीटबद्दल काय म्हणाला होता?"

"तीन भारी माणसं बसवायची नाहीत."

"मग नको त्या स्प्रिंग."

"बाबा, स्प्रिंग बसवल्यावर माणसांची गरजच नाही. आपण दोघंच जाऊ."

"दोघंच," बाबा म्हणाले. "तू द्वारका ते मयूर विहार एक शब्द बोलत नाहीस. सिग्नल मोजतोस."

ते खरं आहे. त्या रस्त्यावर सिग्नल पुष्कळ आहेत.

स्प्रिंग मी नाकारल्या. दुकानदाराला वाईट वाटलं, त्याने बाबांना नमस्कार सांगितला. आता रविवारी आमच्या सोसायटीतल्या ज्यांना मेट्रो स्टेशनपर्यंत जायचं असतं ते तिघे मागे बसतात आणि बाबा चढेपर्यंत पीठ बॉनेटवर असतं. मी तिघांची निवड वजनाने करतो, पण तसं सांगत नाही. येताना काकू आणि त्यांच्या दोघी. अर्धा डाव संपला, बाबा हरले, दुसरा मांडला. मित्राचं कुटुंब अजून सतरंजीवरच जेवतं.

मध्यंतरी एक अडचण आली. काकूंनी सकाळचं फिरणं सुरू केलं आणि भात सोडला. एका संध्याकाळी बाबांचा बूट उंबऱ्याला घासला. तेव्हापासून बाबा दर रविवारी काकूंसाठी डबाभर बेसनाचे लाडू नेतात आणि त्या एक खाईपर्यंत समोरून हलत नाहीत. परवा मी मोजलं. उंबरा पुन्हा छत्तीसवर आहे.