नीलिमाचे मामा

आज आमच्या ऑफिसात एक गृहस्थ पुतणीला नोकरीसाठी घेऊन आले. साहेबांच्या दाराशी तिला म्हणाले, "घाबरू नकोस, मी बोललोय." मला माझी एक जुनी मुलाखत आठवली.

कॉलेज संपल्यावर मी आणि माझी मैत्रीण नीलिमा एकाच शाळेत मुलाखतीला गेलो होतो. मार्क माझे जास्त होते, पण संस्थेच्या सचिवांशी ओळख तिच्या मामांची होती. नोकरी तिला लागली. ती पेढे घेऊन आली तेव्हा मी तोंडभर हसले. ती गेल्यावर मात्र आईवर चिडले, "मला का नाही गं असा मामा?"

आई कणीक मळायची थांबली. म्हणाली, "मलाही हवा होता गं एक भाऊ."

त्यानंतर नीलिमाचा विषय मी घरात काढला नाही. मनातून तो अजून गेलेला नाही.