राब आणि सराव पेपर
परवा मारुंजीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर धुराची तक्रार आली, आणि खिडकीतून येणाऱ्या त्या धुराच्या वासानं मला थेट नांदे गावातल्या आमच्या शेतात नेऊन बसवलं. भाताचं रोप टाकण्याआधी तिथं शेण, पालापाचोळा, माती पसरून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. त्या वर्षी माझी एमबीएची प्रवेश परीक्षा तोंडावर आली होती आणि राबावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडं होतं. वाऱ्याच्या उलट पेटवला की तो सावकाश धुमसतो आणि माती खोलवर भाजते, म्हणून आग पलीकडच्या बांधाला पोचायच्या आत सराव पेपर संपवायचा, असं मी ठरवलं होतं. त्या दुपारी मी पेटवणार, तोच चुलत्यांनी येऊन वाऱ्याच्या बाजूनं काडी लावली. म्हणाले, "लवकर उरकंल. सांच्याला पाहुणे येतायत तुला बघाया. घरी जा, साडी नेस." आग सरसर पुढं निघाली. घाई मलाही होती, पण खालची माती कच्ची ठेवून नाही. पेपर दगडाखाली ठेवला आणि हिरव्या डहाळीनं ती आग झोडपून विझवली. "काका, राब असा भाजत न्हाईत, तुमीच शिकवलंय. आन् पाहुण्यांना सांगा, पोरगी कामात हाय." मग दुसऱ्या टोकानं मी स्वतः काडी लावली. पाहुणे बांधापर्यंत आले तेव्हा मी काळ्या हातांनी शेवटचं गणित सोडवत होते, आणि ते सुटेपर्यंत मान वर केली नाही. परवा ग्रुपवर सगळे खिडक्या लावून घ्या म्हणत होते. मी लिहिलं, "राब भाजतायत, वेळ लागेल," आणि माझी खिडकी सताड उघडली.