तिसऱ्या फेरीत बसले तेव्हा

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षी मी पोलीस भरतीसाठी धावायला लागले. लाटंबार्सेसारख्या गावातली मुलगी पोलिसात जाणार म्हणून घरात आधीच कुरकुर होती. रोज सकाळी काजूच्या बागांमधल्या रस्त्याने धावायचे. थोडं अंतर गेलं की काळीज अचानक इतकं धडधडायचं की ठोके मोजता येत नसत, आणि पायांतलं बळच निघून जायचं. बसले की दहा मिनिटांत सगळं शांत.

बाबांनी डिचोलीच्या डॉक्टरकडे नेलं. मी तासभर बाकावर बसल्यावर डॉक्टरांनी माझी नाडी पाहिली. "काही झालेलं नाही हिला. भित्री आहे. लग्न करून द्या."

भरतीच्या मैदानावर तिसऱ्या फेरीत मी खाली बसलेच. परतताना बसमध्ये बाबा म्हणाले, "नाटकंच करायची होती तर आलीस कशाला गो?" चार महिन्यांत माझं लग्न झालं.

दुसऱ्या बाळंतपणानंतर एका डॉक्टरीणबाईंनी मला जिने चढायला लावले आणि लगेच हृदयाचा आलेख काढला. ठोक्यांचा संदेश जायला माझ्या हृदयात जन्मापासून एक जादा वाट होती.

"धावल्याबरोबर कुणी तपासलंच नाही तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

मी तपासणीचा तो कागद बाबांना दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो वाचला. "बरं झालं बाय, आता औषध तरी मिळेल," म्हणाले. एवढंच.

गोळ्यांनी धडधड थांबली. बाबांशी मात्र मी पुढे कामापुरतंच बोलले.