साडूंच्या गाडीचं ॲव्हरेज

माणसाच्या सगळ्या सुखदुःखाचं मूळ गाडीच्या ॲव्हरेजमध्ये असतं असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ मी आजवर पाहिला, आणि ते म्हणजे माझे दारव्ह्याचे थोरले साडू. लोक भेटल्यावर तब्येत विचारतात, पोराबाळांचं विचारतात; हे ॲव्हरेज विचारतात. माझ्या पुतणीच्या लग्नात वरात दारात आली, नवरदेव फुलं लावलेल्या गाडीतून एक पाय खाली टाकतोय न टाकतोय, तोच साडूंनी पुढे होऊन विचारलं, "लिटरले किती देते हो ही?" त्या पोराचं सासरच्या माणसांशी पहिलं बोलणं डिझेलवर झालं. बरं, उत्तर मिळाल्याशिवाय साडू बाजूला व्हायला तयार नाहीत, आणि आमची बहिणाबाई ओवाळणीचं ताट घेऊन मागे ताटकळत उभी!

त्यांची स्वतःची पिकअप इतकी जुनी, की तिचा मूळ रंग कोणता यावर घरात कधी एकमत झालं नाही. आठवडी बाजाराला भाजीवाल्यांचा माल न्यायचा, हंगामात सोयाबीनची पोती वाहायची, हा तिचा धंदा. पण गाडी डिझेल पिते ही साडूंची कायमची तक्रार. "पाणी पेल्यावानी पेते बाप्पा!" मग कोणीतरी सांगितलं, वजन कमी करा. झालं! कॅरिअर गेलं, पायाखालच्या चटया गेल्या, मागचा फाळका गेला. दुसऱ्याच दिवशी दर वळणावर एकेक कोबी रस्त्याला अर्पण करत स्वारी बाजारात पोचली, तेव्हा फाळका परत बसवला. स्टेपनी मात्र घरी पलंगाखालीच राहिली. एकदा मी बरोबर असताना भर उन्हात टायर पंक्चर झालं. मी विचारलं, "भाऊजी, स्टेपनी?" तर म्हणाले, "पलंगाखाली हाये. पण तुमी पाह्यलं न, किती हलकी चालून राह्यली होती!" आता या माणसावर रागवायचं तरी कसं?

सकाळी उठून चाकांना टिचक्या मारायच्या, टरबूज पारखावं तशा. कापसाच्या दिवसांत एअर फिल्टरमध्ये तूस अडकून इंजिनाचा श्वास कोंडतो, म्हणून फिल्टर ओट्यावर आपटून सदऱ्याशेजारी दोरीवर टांगायचा. जॅक लावून प्रत्येक चाक हातानं फिरवायचं आणि ते सहज फिरलं की ब्रेक कुठं धरत नाही म्हणून खूश व्हायचं. हे सगळं पूर्वी हसण्यावारी जायचं, कारण हसायला माझ्या बायकोची थोरली बहीण घरात होती. फिल्टर दोरीवर दिसला की ती म्हणायची, "याले इस्त्री करू का?" ती गेली, आणि पाठोपाठ बाजाराचे भाजीवालेही नव्या गाड्यांकडे गेले. पोरगी पुण्यात. तिनं बापाला स्पष्टच सांगितलं, "बाबा, दिवाळीपर्यंत गाडी निदान आपल्या डिझेलपुरतं कमवत असेल तर ठेवा. नाही तर विका आणि माझ्याकडे या." पोरगी मायाळू आहे, तिचं काही चुकलं नाही. पण साडूंचं धाबं दणाणलं. पुण्यात ते एकदा राहून आले होते. "तिथं लोक दार लावूनच बसतेत. मी कोनासंग बोलू? लिफ्टसंग?"

मग गाडीचं जे काही झालं ते विचारू नका. नोझल बदलले, पंप उघडला, गॅरेजवाल्यानं हात जोडले. "काका, गाडीत काहीच फॉल्ट नाही. कायले माझ्या मागं लागले?" शेवटी साडू माझ्याकडे यवतमाळला आले आणि म्हणाले, "साहेब, एक डाव तुमी बसून पाहा."

बसलो. दारव्ह्याला जाऊन, तिथून यवतमाळची पोती घेऊन निघालो, आणि पहिल्याच फाट्यावर गाडी थांबली. चहावाल्याशी बोलणं. पुढे बकऱ्या चारणाऱ्या एका म्हातारीशी बोलणं, तिच्या गुडघ्याची चौकशी. त्यापुढे एका घरासमोर, मग पंक्चरच्या दुकानासमोर. आणि प्रत्येक ठिकाणी इंजिन आपलं घुरघुरतंय. सूर्य डोक्यावर आला तरी यवतमाळ येईना. मी न राहवून म्हणालो, "अहो भाऊजी, बंद तरी करा! सगळं डिझेल इथं जाळताय, आणि शोधताय नोझलमध्ये!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काही अडाण्यासारखं बोललो. "बंद केली का मानसाले वाटते, हा आता बसतेच. तो म्हणते या, बसा, अन् मनात म्हणते, कवा उठते. चालू असली न, का त्याले वाटते दोन मिनिटाचं काम हाये. मंग तो सोता खिडकीपाशी येते." गिअर टाकता टाकता हळूच म्हणाले, "एकट्या मानसाले घरात कोन बसवते हो?"

मला ते पटलं. पण दिवाळी जवळ आली होती, गाडी राहायला हवी होती. म्हणून मी म्हणालोच, "भाऊजी, मग थांबूच नका काही दिवस." त्यांनी मान डोलावली.

आणि ॲव्हरेज आलं! गॅरेजवाला चकित, पोरगी कबूल, गाडी वाचली. भाऊबीजेच्या दुपारी साडूंचा फोन आला. मी म्हटलं, "वा! जिंकलात की!" ते म्हणाले, "हो. लय लवकर पोचतो आता. मधात कुठं थांबतच नाही." मी विचारलं, "काय करताय?" "गाडीतच बसलो हाये. आंगणात. गाडी बंद हाये," ते घाईनं म्हणाले, जणू मी रागवणार होतो.

मी म्हटलं, "इकडे या. आत्ताच्या आत्ता निघा. अन् वाटेत ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी बोलत या."

दिवेलागणीला आले. गेटसमोर थांबून गाडी बंद करायला त्यांचा हात किल्लीकडे गेला. मी धावत जाऊन म्हणालो, "राहू द्या, चालू राहू द्या." आणि खिडकीवर कोपर टेकून उभा राहिलो. त्यांनी आधी बकऱ्यावाल्या म्हातारीच्या गुडघ्याचं सांगितलं, मग चहावाल्याच्या नातवाचं. आतून बायको दोनदा हाक मारून गेली. "आलोच, दोन मिनिटं," मी म्हणालो, आणि तिथंच उभा राहिलो.