बॅलनच्या वळणाआधी

व्हर्न टलीची सूटकेस ग्लेनिसनं आदल्या दुपारीच भरली आणि तो मागच्या अंगणात टोमॅटोला पाणी घालत असताना कुंपणावरून चार्लीच्या हाती दिली. पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईवर नवऱ्याचे पायजमे असे चोरून बाहेर काढायची पाळी यावी, याला काय म्हणायचं? पण आली खरी.

चार्ली मिफ्सुद हा बसचा ड्रायव्हर. आईबाप माल्टाहून आलेले, हा मेलबर्नच्या पश्चिमेला सनशाइनमध्ये वाढलेला, आणि गाडी शिकला ती व्हर्नच्या हाताखाली. व्हर्नला तो आजही बॉस म्हणतो. सूटकेस हातात धरून तो नुसता उभाच राहिला.

"मला हे पटत नाही, ग्लेनिस. बॉसला त्याच्याच बसमधून फसवून न्यायचं?"

"फसवून कोण नेतंय? मी सांगणार आहे त्याला."

"कधी?"

"उद्या. वाटेत कुठंतरी."

"बॅलनच्या वळणाआधी सांग मग. नाही सांगितलंस तर मी वळणार नाही. सरळ घरी आणून सोडेन दोघांना, मग घाल मला हव्या तेवढ्या शिव्या."

बॅलनला, शहरापासून तासाभरावर, म्हाताऱ्यांच्या एका आश्रमात व्हर्नला जागा मिळाली होती. जवळ कुठंच मिळत नव्हती. व्हर्न जन्मला त्याच भागात, बटाट्याच्या शेतावर, तेवढंच एक समाधान. त्याला विसरायला होऊ लागून चार वर्षं झाली होती. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग गॅस. हिवाळ्यात एकदा तो पहाटे पायजम्यावर घराबाहेर पडला आणि पूर्वी जिथं बस लावायचा त्या आवारात थंडीनं काकडत उभा सापडला. नंतर न्हाणीघरात घसरून पडला, आणि त्याला उचलता उचलता ग्लेनिसची कंबर कामातून गेली. पर्थची लेक फोनवर म्हणाली, "आई, सांगूच नकोस त्याला. नुसतं घेऊन जा." आश्रमातली नर्सही तेच म्हणाली. ग्लेनिसला दोघींचा राग आला. मग स्वतःचा आला, कारण तिच्याही मनात तेच होतं.

गुपित सहल ही या भागात काढली व्हर्ननंच. महिन्यातून एकदा, हिरवळीवर गोळे घरंगळवायचा खेळ चालतो त्या बोल्स क्लबच्या अंगणातून सकाळी आठला बस सुटायची, आणि कुठं जायचं ते फक्त ड्रायव्हरला ठाऊक. आता तुम्ही म्हणाल, हे कसलं खूळ? खूळ नव्हतं ते. सनशाइनच्या कारखान्यांत राबणाऱ्यांच्या बायका वर्षानुवर्षं कुठं गेलेल्या नसायच्या. कुठं जायचं विचारलं की म्हणायच्या, लांब पडेल, नवरा काय म्हणेल, पुढच्या वेळी बघू. व्हर्न म्हणाला, विचारायचंच नाही. "बसा म्हणायचं. कुठं ते मी बघतो. मोजून नेईन आणि मोजून परत आणीन." आणि खरंच त्यानं कधी कुणाला मागं सोडलं नाही. निघताना डोकी मोजायचा, परततानाही मोजायचा, आकडा जमल्याशिवाय दार लावायचा नाही.

आणखी एक नियम होता. वाटेत ज्याला ठिकाण कळलं त्यानं तोंड बंद ठेवायचं, दुसऱ्यांची मजा घालवायची नाही. पोचायच्या बेताला व्हर्न माइकवर विचारायचा, "बरं मंडळी, कुणाला कुठं कळलं?" मग ज्यानं त्यानं आपल्याला कुठल्या वळणावर कळलं ते सांगायचं, आणि सगळ्यात आधी ज्याला कळलं असेल त्याला खाटकाकडचा चॉप्स-सॉसेजचा ट्रे. सगळा मामला इमानाचा. एकदा रे नावाचा एक शहाणा जिलाँग ओलांडताच ओरडला, "क्वीन्सक्लिफ! पैज लावा!" व्हर्ननं एक अक्षर न बोलता गाडी फिरवली आणि सगळ्यांना वेरिबीच्या मैलापाण्याच्या शेताकडेला नेऊन जेवायला बसवलं. सँडविच खाताना बायकांनी रेला जे काही ऐकवलं, ते तो मरेपर्यंत विसरला नाही.

तर अशाच सहलीच्या दिवशी, सूटकेस चार्लीकडं गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी, व्हर्न क्लबच्या अंगणात कोट-टाय घालून हजर. गाडी दिसली की हा माणूस वेगळाच व्हायचा. नेहमीसारखी त्यानं बसला एक चक्कर मारली, टायरांना लाथा घातल्या, सामानाचा एकेक कप्पा उघडून आपटला. पलीकडच्या बाजूला जरा वेळ लागला. ग्लेनिस डॉटशी बोलत होती, तिचं लक्ष नव्हतं. डॉट ही तिची शेजारीण, आणि तिला सांगितलं म्हणजे अख्ख्या बसला सांगितलं. व्हर्न सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच जो तो त्याच्याशी जरा जास्तच गोड बोलत होता.

"काय व्हर्न, आज चालवतोस का?" डॉटनं विचारलं.

"चालवली असती, पण तुला बघून गाडी बिथरते," तो म्हणाला. सगळे हसले. डॉट हसली आणि लगेच बसमध्ये चढून खिडकीकडं तोंड करून बसली.

बस उत्तरेकडं निघाली. वुडेंडला थांबून लोकांनी चहा घेतला, सोबत डॉटनं घरी भाजून आणलेले, जॅम लावलेले स्कोन. व्हर्ननं दोन खाल्ले, जॅम टायवर सांडला. ग्लेनिसनं रुमाल ओला करून पुसला आणि ठरवलं, आता सांगायचं. एवढ्यात तो म्हणाला, "स्कोन चांगले करते हं ही. कोण आहे ती?" तिनं डॉटचं नाव सांगितलं, आणि सांगायचं होतं ते तसंच राहून गेलं.

ट्रेंटमला बेकरीसमोर उभं राहून पुन्हा ठरवलं. तेव्हा व्हर्न एका कुत्र्याशी बोलत होता, इतका मजेत की तिचा धीरच झाला नाही. चार्ली पाव घेऊन बाहेर आला, त्यानं भुवया उंचावून विचारलं. तिनं मान हलवली.

"अगं बाई, पुढं रस्ता काय वाढणार आहे का?" तो हळूच म्हणाला.

"तुझं काय जातंय बोलायला! तुला नाही बोलायचंय," ती फिसकारली.

डेल्सफर्डला झऱ्यावर हातपंप आहे. तिथलं फसफसणारं, लोखंडाच्या चवीचं पाणी लोक बाटल्या भरभरून घरी नेतात. व्हर्न पंप मारत होता, ग्लेनिस बाटली धरून होती. त्याच्या हातांत अजून जोर होता. पहिला पेला त्यानं तिला दिला. लग्नाआधी याच पंपाशी त्यानं तिला पाणी पाजलं होतं आणि ती तोंड वाकडं करून थुंकली होती. त्याला आठवत असेल का ते?

"थुंकू नकोस या खेपेला," व्हर्न म्हणाला.

ग्लेनिसला रडू फुटलं. पाणी नाकात गेलं म्हणून तिनं वेळ मारून नेली. पाठीवर थोपटत तो म्हणाला, "सावकाश, सावकाश. घाई नाहीये कुणाला." एक गोष्ट मात्र तिच्या तेव्हा ध्यानात आली. घरी येता-जाता "आपण कुठं चाललोय?" म्हणून जीव खाणाऱ्या या माणसानं आज एकदाही विचारलं नव्हतं. सहलीचा नियम तेवढा डोक्यात राहिलाय बिचाऱ्याच्या, असं तिला वाटलं, आणि तिचं काळीज आणखीच तुटलं.

तिथून परतीचा रस्ता सरळ बॅलनला येतो. फ्रीवेला लागायच्या आधी गावात शिरणारं एक वळण आहे. दोन्ही बाजूंना बटाट्याची लाल माती दिसू लागली, तशी बसमधली बडबड आपोआप बंद पडली. ग्लेनिसनं व्हर्नचा हात हातात घेतला.

"व्हर्न, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"हं."

"म्हणजे... तू रागावणार नाहीस ना?"

तो बाहेर बघत होता. पन्नास वर्षांत या माणसाशी ती एवढं मोठं खोटं कधी बोलली नव्हती, आणि आता खरं बोलायला तिच्याकडं वाक्य नव्हतं. चार्लीनं आरशातून पाहिलं. वळण समोर आलं. त्यानं गाडी हळू केली, कडेला घेतली आणि थांबवली.

मग व्हर्न उठला. दांड्याला धरत धरत पुढं गेला, चार्लीच्या डोक्यावर टांगलेला माइक त्यानं काढला आणि फुंकर मारून पाहिली.

"बरं मंडळी, कुणाला कुठं कळलं?"

सगळ्यांच्या माना खाली. डॉटनं तोंडावर रुमाल धरला.

"कुणालाच नाही? मग ट्रे माझा." तो थांबला, जरा शब्द शोधले. "मला क्लबच्या अंगणात कळलं. शेवटच्या कप्प्यात, घडीच्या खुर्च्यांमागं माझी सूटकेस आहे. त्यावर घोंगडी टाकलीय, पण कप्पा उघडल्यावर घोंगडी उचलून बघायची नाही, असा ड्रायव्हर मी नाही. चल चार्ली, वळव. मागच्यांचा खोळंबा होतोय."

चार्लीनं डोळे पुसले आणि गाडी वळवली.

व्हर्न जागेवर येऊन बसला. ग्लेनिसला त्याच्याकडं बघवेना. "सकाळपासून ठाऊक होतं? मग बोलला का नाहीस रे मेल्या?"

"नियम आहे ना," तो म्हणाला. "आणि तू एवढा घाट घातला होतास. मजा कशाला घालवायची?"

आश्रमाच्या दारात नर्स उभी होती. चार्लीनं सूटकेस उतरवली. डॉटनं काचेतून हात हलवला, व्हर्ननं टोपी काढली. दाराजवळच्या बाकावर बसून त्यानं इमारत खालून वर न्याहाळली, एखादं मुक्कामाचं हॉटेल बघावं तशी.

"बरं दिसतंय," तो म्हणाला. "तुझी बॅग कुठाय?"

तिला तेव्हा कळलं, की त्याला ठाऊक होतं ते एवढंच. सूटकेस पाहिली होती, पण ती एकच का आहे, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. सगळ्यात अवघड वाक्य अजून तिच्याच वाट्याला होतं. आणि आता आरशातून बघणारं कुणी नव्हतं, वळणही मागं गेलं होतं. नाही सांगितलं तरी चालण्यासारखं होतं.

"माझी बॅग नाहीये, व्हर्न," ग्लेनिस म्हणाली. "इथं तू एकट्यानं राहायचंय. मी घरी जाणार. मंगळवारी ट्रेननं येईन, दर मंगळवारी आणि शनिवारी येईन. मला तू उचलवत नाहीस रे आता. नाहीतर मी तुला कुठं सोडलं नसतं."

तो गुडघ्यावर टोपी फिरवत बसला. ऐकलं की नाही, तिला कळेना. मग त्यानं बसकडं बोट दाखवलं.

"तो ट्रे घरी ने. चॉप्स फ्रीजरमध्ये टाक, मला इथं कोण शिजवू देणार आहे? आणि चार्लीला सांग, डोकी मोजताना एक कमी येईल. नाहीतर शोधत बसेल तो."

तिनं वाकून त्याच्या कपाळाचा मुका घेतला, टायवरचा जॅमचा डाग पुन्हा एकदा पुसला, आणि मागं न बघता बसमध्ये चढली. डॉटनं ट्रे तिच्या मांडीवर ठेवला. चार्लीनं डोकी मोजली, मग पुन्हा एकदा मोजली, आणि दार लावलं.