पहिला फटका बायकोचा

त्या गावात दारू पिऊन सापडलेल्या माणसाला चावडीच्या खांबाला बांधायचे आणि पहिला फटका त्याच्या बायकोने मारायचा, असा नियम होता. मारायला पिठाच्या गिरणीचा जुना पट्टा. जाड, काळा, चिवट. बायकोचा फटका झाला की मग महिला मंडळाच्या बाकीच्या बाया. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माणसाच्या पाठीची सालटी निघाली होती आणि तो आईला हाका मारून रडत होता. मला बरं वाटलं. कशाला लपवू? माझा बाप रेल्वेत होता. नांदेडच्या त्या क्वार्टरमध्ये माझ्या आईने आयुष्यभर मार खाल्ला, त्यातला एक फटकासुद्धा कुणी त्याला परत दिला नाही. आई म्हणायची, "माणूस वाईट न्हाई गं, दारू वाईट." ते ऐकत मी मोठी झाले आणि दारूवरच सूड उगवायचा म्हणून या नोकरीत शिरले.

नोकरी परदेशी पैशावर चालणाऱ्या एका संस्थेत. माणूस नशेला लागण्याआधीच त्याला अडवायचं, हे आमचं मुख्य काम; नांदेडला एक छोटं नशामुक्ती केंद्रही आहे. नांदेड आणि लातूर जिल्हे माझ्याकडे. वर्षातून एकदा युरोपातल्या मुख्य कार्यालयात बैठकीला जावं लागतं. तिथे काचेच्या खोलीत सांगतात की भीती दाखवून, मारहाण करून कुणाची नशा सुटत नाही; लहान मुलांच्या आईबापांबरोबर काम करा, शाळांत काम करा. ते मला पटतं. मी ते मराठीत आणते, अर्धापूरच्या शाळेत शिकवते, देगलूरच्या बाजारात बोलते. पण बैठकीत कुणी "समाजाने स्वतः शोधलेले उपाय" असं म्हणालं की माझ्या डोळ्यांपुढे तो पट्टा यायचा आणि मी मान डोलवायचे.

ते पट्ट्याचं गाव मुखेडच्या बाजूचं. बायांनी मतदान करून दारूचं दुकान बंद केलं होतं. चिठ्ठीवर उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद. बाटली आडवी झाली आणि आक्का पुढारी झाली. आक्का म्हणजे मंडळाची अध्यक्ष. सहा फुटांच्या दाराला डोकं लागावं अशी उंच, आवाज फाटका, गालात कायम तंबाखू. मी एकदा म्हणाले, "आक्का, ही पण नशाच हाय की."

"असंल," ती म्हणाली. "पण ही मला मारत न्हाई."



मग मुख्य कार्यालयातून एक बाई गाव बघायला येणार असं ठरलं. नमुन्याचं दारूमुक्त गाव म्हणून. मी आक्काला फोन केला, पट्टा काढून ठेवा, कुणाला बांधू नका. ती हसली. "पाहुणी यायली म्हणून घर सारवायला सांगायल्या व्हय?" म्हणाली. पण ऐकलं तिने.

पाहुणी आली. गोरी, नम्र, पायात धूळ खाल्लेले बूट. हार झाला, चहा झाला, बायांनी दुकान कसं बंद केलं ते सांगितलं, मी भाषांतर करत होते. तेवढ्यात चावडीमागच्या जुन्या रेशनच्या गोदामातून धाडधाड आवाज यायला लागला. कुणीतरी आतून दारावर अंग आपटत होतं. पाहुणीने माझ्याकडे पाहिलं. मी आक्काकडे.

"परवा धरला त्याला," आक्का म्हणाली. "तुमीच म्हणल्या मारू नका. मग कोंडला. पाहुणी गेली की बघू."

आतून तो ओरडत होता, मुंग्या काढा, माझ्या अंगावरच्या मुंग्या काढा. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. "नाटक करायलाय," एकजण म्हणाली. मी दारापाशी गेले. तो बायकोला शिव्या देत होता, तिच्या आईला देत होता, मग कुणा लहान पोराशी बोलावं तसं बोलायला लागला. मग एकदम गप्प. आणि मग जमिनीवर टाचा बडवल्याचा आवाज. तो आवाज मी दवाखान्यात ऐकलेला होता. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की दोन-तीन दिवसांत हे होतं. नाही नाही ते दिसतं, फिट येते, आणि औषध मिळालं नाही तर माणूस जातो.

"आक्का, कुलूप काढा. हा मरायलाय."

"किल्ली तिच्याकडं. फटका तिचा, तर किल्ली बी तिचीच."

ती म्हणजे त्याची बायको. बायांच्या मागे भिंतीला टेकून उभी होती. तिशीच्या आतली, हडकुळी. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी बसलेली. मागच्या खेपेला तिने नियमाप्रमाणे पहिला फटका मारला होता, आणि घरी गेल्यावर त्याने तिचा हात उंबऱ्यावर धरून वर पाटा टाकला होता.

"किल्ली द्या," मी म्हणाले.

"कामून?"

"तो मरेल."

"मरू द्या की." अगदी साध्या आवाजात म्हणाली, भाजी नको म्हणावी तशी. "तो मेला तर तुमाला काय? आन जगला तर मला काय?"

माझं डोकं फिरलं. मी तिचं मनगट धरलं, ओढलं, वाकडी बोटं माझ्या हातात आली तरी सोडलं नाही. पोलीस केस होईल म्हणाले, खून होईल म्हणाले, तुझ्या पोरांचं काय म्हणाले. ती हलली नाही. खुनाची तिला भीती नव्हतीच, त्याच्या जगण्याची होती. मग मी आवाज खाली आणला आणि जे माझ्या आईने मला सांगितलं होतं तेच तिला सांगितलं. तुझा माणूस वाईट नाही, त्याची दारू वाईट आहे. आम्ही इलाज करतो. दारू सुटली की तो मारणार नाही.

तिने माझ्या हातातून मनगट सोडवून घेतलं. मग म्हणाली, "तुमी शिकलेल्या. तुमच्या शब्दावर द्यायले." कमरेची किल्ली काढून तिने स्वतःच कुलूप काढलं.

दार उघडलं तसा तो बाहेर आला. फिट येऊन गेली होती, तोंडातून रक्ताचा फेस, डोळे तांबडे. हातात धान्य मोजायचं लोखंडी वजन. त्याला आम्ही दिसत नव्हतो, दुसरंच काही दिसत होतं. वजन त्याने बायकोच्या डोक्याच्या दिशेने फिरवलं. मी मध्ये होते म्हणून ते माझ्या जबड्यावर बसलं. दात तुटल्याचा आवाज मला माझ्याच डोक्यात ऐकू आला. पुढचं मी जमिनीवरून पाहिलं. आक्काने त्याचे पाय ओढले, पाच-सहा बाया त्याच्या अंगावर बसल्या, लुगड्याने हात बांधले. त्याने एकीच्या दंडाचा लचका तोडला. बांधून झाल्यावर बायको पुढे आली आणि त्याच्या बरगड्यांत लाथा घालायला लागली. ओरडत नव्हती, रडत नव्हती, कणीस झोडपावं तशी एका तालात लाथा घालत होती. मी तोंडातलं रक्त थुंकत तिला मागे ओढलं. पाहुणी जीपला धरून हुंदके देत होती. त्या गडबडीत भाषांतर राहूनच गेलं.

त्याला आमच्याच जीपमधून नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तो मागे बांधलेला, ड्रायव्हरला साप म्हणून शिव्या देत. मी पुढे, जबड्याला पाहुणीचा रुमाल दाबून. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर गेला होता.

तो जगला. इलाज झाला, मग आमच्या केंद्रात राहिला, सकाळी उठून अंगण झाडायला लागला, सगळ्यांशी जी-हुजूर बोलायला लागला. गावी परत गेला तो प्यायला नाही. आक्का दर आठवड्याला त्याचं तोंड हुंगायची. पाहुणीने अहवालात त्याच्याबद्दल दोन पानं लिहिली. पुढच्या बैठकीला गेले तर पडद्यावर त्याचा फोटो, खांद्यावर कुदळ, हसतोय. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, मनापासून. नवा दात ठणकत होता तरी मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

सोयाबीन निघाल्यावर एक दिवस त्याची बायको माझ्या नांदेडच्या ऑफिसात आली. एसटीने, एकटी. हात टॉवेलमध्ये गळ्यात बांधलेला, एक डोळा सुजून बंद, ओठ फाटलेला. बसताना अंग चोरून बसली. मी विचारलं, "परत प्यायला?"

"न्हाई."

"मग?"

"मग काय? शुद्धीत मारला." तिने पाणी मागितलं, प्याली. "बाई, खरं सांगू? आदी दोन-चार हाणून पडायचा, झोपायचा. मी बी निजायची. आता थकतच न्हाई. दार लावून घेतो, आदी रेडिओ मोठा करतो, सदरा काढून खुंटीला लावतो. समदं नीट करून मग मारतो."

"आक्काकडे गेलीस?"

"गेली की. आक्का आली, त्याचं तोंड हुंगली. वास न्हाई. म्हणली, पिला न्हाई तर फटका न्हाई."

मी तिच्यासमोरच आक्काला फोन लावला. काय तोंडाला येईल ते बोलले. आक्काने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, आमचं मंडळ दारूचं हाय. नवरा-बायकोच्या मामल्यात कुटं पडावं? असं धरायला लागलो तर गावातले समदेच बांधावं लागतील. खांब पुरायचे न्हाईत."

रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात, ते हेच. त्या गावाने तेच केलं होतं, काचेच्या खोलीत तेच चाललं होतं आणि मीही वीस वर्षं तेच करत आले होते. फोन ठेवला आणि मला माझा बाप आठवला. रविवारची सकाळ, दाढी केलेला, साबणाचा वास, कडक इस्त्रीचा शर्ट. चहात साखर कमी म्हणून त्याने आईचं डोकं मोरीच्या कठड्यावर आपटलं होतं. सकाळी. थेंबही न घेता. हे मला कायम माहीत होतं आणि तरी मी आईचंच वाक्य जन्मभर विकत आले. मला समोर बसलेल्या तिच्या पाया पडावंसं वाटलं आणि तिच्या नवऱ्याला हातानं ठेचावंसं वाटलं, दोन्ही एकाच वेळी.

मी म्हणाले, "चल, पोलिसात जाऊ."

रिक्षात ती म्हणाली, "पोलीस पैलं इचारतील, पिऊन होता का?"

"खरं ते सांगायचं."

"खरं सांगितलं तर म्हणतील, मग तूच कायतरी केली असशील." तिने फाटलेला ओठ पदराने टिपला. "पिऊन मारला तर दारूची चूक. न पिता मारला तर बाईची."

ठाण्यात अंमलदार भला माणूस होता. तिला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला. नाव, गाव, नवऱ्याचं नाव लिहून झालं. मग पेन थांबवून त्याने विचारलं, "पिऊन होता का?"

ती माझ्याकडे वळली. एकच डोळा उघडा होता. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "हाव. लई पिला होता."

त्याने सहानुभूतीने मान हलवली, लिहायला लागला. मध्येच मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही नशामुक्तीवाल्या ना? तुमच्याकडं इलाज झाला होता म्हणताय. मग परत पीत होता का?"

"हो," मी म्हणाले. "पिऊनच होता."