मुळासकट उपटलेला पानओवा

मंडळाच्या भगिनींनो, आज दुपारी माझ्या अंगणातला पानओवा कोणीतरी मुळासकट उपटून नेला, म्हणून फळ्यावर हा कागद लावते आहे. आई गेल्यावर हिंगणीच्या घरून मी एवढं एकच रोप आणलं होतं.

रोप गेल्यावर तासाभरातच शेजारच्या सुमनबाई गरम भजी घेऊन आल्या. वासावरूनच ओळखलं, माझ्याच पानओव्याची.

"काकू, चोरलेलं रोप लवकर लागते म्हणतात. म्हणून मांगितलं नाई."

"मग लावायचं सोडून तळलं काऊन?"

"पाहुणे आलते ना! चाखून तर पाहा."

अशा अकलेला काय म्हणावं? मागायला आलेल्या कुणाला मी कधी नाही म्हटलं आहे का?

सुमनबाईंनी परत केलं: मुळं आणि तीन बोडक्या कांड्या. त्या लगेच कुंडीत लावल्या.

मी परत केलं: भज्यांची ताटली, जशीच्या तशी.